औषधांच्या रिकाम्या बाटल्या परत देताना

फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या मी अनेक वर्षे बांधाच्या कडेला साठवत असे आणि हंगाम संपला की पेटवून देत असे. त्या धुरातून विषारी वायू पसरतात, हे मला ठाऊक होते. तरीही सवय सुटली नाही.

ती सुटली तिहेरी धुलाई स्वतः करून पाहिल्यावर. बाटली टाकीत पूर्ण निथळू द्यायची, मग पाव भाग स्वच्छ पाणी घालून, झाकण घट्ट लावून अर्धा मिनिट खळखळवायची आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचे. असे तीन वेळा. एक लिटरच्या बाटलीत २० मिलिलिटर औषध चिकटून राहते आणि प्रत्येक धुलाईनंतर तेवढेच द्रव मागे उरते असे धरून मी हिशेब मांडला, तेव्हा शेवटी मूळ औषध ०.०१ मिलिलिटरहूनही कमी उरते असे दिसले. पैसे मोजून घेतलेले जे औषध मी आजवर आगीत घालत होतो, ते आता पिकाच्या कामी येत होते, आणि प्रदूषणाच्या कोणत्याही इशाऱ्यापेक्षा मला हेच अधिक पटले.

पहिल्या खेपेला मात्र संकलन केंद्राने माझ्या निम्म्या बाटल्या नाकारल्या. मला राग आला, पण त्यांचे म्हणणे रास्त होते: त्या बाटल्या मी काही आठवड्यांनी धुतल्या होत्या आणि आत वाळलेला थर नुसत्या पाण्याने निघाला नव्हता. झाकणे पुष्कळदा वेगळ्या प्लास्टिकची असतात, म्हणून ती निराळी ठेवायची, हेही तिथेच समजले. तेव्हापासून हातमोजे आणि चष्मा घालून मी फवारणीच्या वेळीच बाटली धुतो आणि लगेच तिच्या तळाला भोक पाडतो, कारण अशा बाटलीत कोणीतरी पिण्याचे पाणी भरेल ही धास्ती मला सर्वांत जास्त वाटते.

खरी अडचण होती ती केंद्रापर्यंतच्या खेपेची. केंद्र कधी उघडे असेल याचा भरवसा नसला की पोती कोठीतच पडून राहतात. हंगामानंतरचा संकलनाचा दिवस आधी कळू लागला, तेव्हा माझे काम नियमित झाले. ब्राझीलमध्ये २००० सालच्या कायद्याने शेतकऱ्याने रिकामे डबे परत द्यावेत, विक्रेत्याने ते स्वीकारण्याची सोय करावी आणि उत्पादकाने पुढची विल्हेवाट लावावी, अशी जबाबदारी वाटून दिली. मला ही वाटणी फार मोलाची वाटते, कारण सगळा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकला तर त्याची इच्छा फार काळ टिकत नाही.

गेल्या हंगामात शेजारच्या शेतकऱ्याने माझी पोती पाहून चौकशी केली. आता आम्ही दोघे ठरलेल्या दिवशी एकाच गाडीतून बाटल्या नेतो.