पदराच्या गाठीतल्या गोळ्या

शनिवार, रात्री अडीच

सगळे गच्चीवर झोपलेत. दिवसभर ४३-४४ अंश होतं, अजून फरशी हाताला कोमट लागते, आणि मी खालच्या खोलीत गोधडी पांघरून बसले आहे. अंगावर काटा आला आहे तो जायला तयार नाही. दंडावरून हात फिरवला तर कारल्याच्या सालीसारखं खरबरीत लागतं. पाच मिनिटांत घाम फुटतो, गोधडी भिरकावते, की पुन्हा हुडहुडी. नाक वाहतंय, सर्दी नाही. जांभया येतात, झोप नाही. आणि पाय! पोटऱ्यांच्या आत कुणी दोरी ओढत बसलंय असं वाटतं. पाय हलवला की क्षणभर बरं, टेकवला की पुन्हा ओढ सुरू.

शेवटची गोळी गुरुवारी रात्री घेतली. ट्रॅमाडॉल, दुखण्यावरची. हे नाव वहीत पहिल्यांदाच लिहिते आहे, आजवर 'पायाची गोळी' एवढंच लिहीत होते.

शुक्रवारी मेडिकलवर नवा मुलगा होता. चिठ्ठी बघून म्हणाला, "मॅडम, ही जुनी झाली. नवीन लिहून आणा, याची रजिस्टरला नोंद करावी लागते." नेहमीचा माणूस ओळखीचा, तो काही विचारत नसे. मला त्या पोराचा इतका राग आला की रस्त्यात उभी राहून रडले. आणि रडतानाच कळलं, गोळी मिळाली नाही म्हणून भर बाजारात रडणारी बाई मी आहे. घरी येताना ठरवून टाकलं, बस, आजपासून बंद. निश्चय केला की होतं, असं वाटलं.

रविवार, पहाटे

गेल्या श्रावणात कानबाईच्या, आमच्या खानदेशातल्या देवीच्या, विसर्जनाच्या दिवशी गाडी घसरली, नळीचं हाड मोडलं, पायात रॉड टाकला. पहिले पंधरा दिवस त्या गोळीने मला जगवलं हे मी नाकारणार नाही. ५० ची कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ. घरी सोडताना कागदावर लिहिलं होतं 'दुखल्यास'. किती दिवस, थांबवायची कशी, एकदम सोडली तर काय होतं, यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. त्यांना दोन मिनिटं लागली असती. याचं मला फार वाईट वाटतं.

दिवाळीपर्यंत दोनाच्या चार झाल्या. मग १०० ची एसआर, सावकाश विरघळणारी. माघापासून दिवसाला ३००. हाड कार्तिकातच जुळलं होतं, फोटोत दिसलं होतं. पण गोळी घेतली की पायाबरोबर बाकीचंही दुखायचं थांबे. सकाळची शाळा, पोरांचा कलकलाट, घरचं, लेकीच्या फीचा विचार, सगळ्यावर मऊ दुलई पडल्यासारखं होई. पायासाठी सुरू केलेली गोळी मी दिवस ढकलायला घेऊ लागले होते, आणि हे मला माहीत होतं.

रविवार, दुपार

पोट धरत नाही. सातव्यांदा जाऊन आले. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पिते आहे. चौथीचे पेपर तपासायला घेतले, अक्षरं हलतात. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका बसतो. मध्येच उगाच भीती वाटते, कशाची ते सांगता येत नाही.

सासूबाईंनी पाहिलं. मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले होते, भिंतीला डोकं टेकून. त्या बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी भिजत घालत होत्या. हात तसेच ओले घेऊन आल्या.

"काय व्हयनं वं माय तुले?"

मी सांगितलं. सगळं. किती गोळ्या, कधीपासून, कुठे लपवते (शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्यात). वाटलं, आता घरभर होईल. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इतला दिन काबर सांगं नही?"

आणि मग त्यांनी त्यांच्या आईच्या वेळची गोष्ट सांगितली. बाया निंदायला जायच्या तेव्हा तान्ह्या पोराला अफूची मोहरीएवढी गोळी चाटवायच्या, म्हणजे ते बांधावरच्या झोळीत निजून राही. हंगाम संपला, गोळी बंद झाली, की पोर दिवसरात्र किरकिर करी, नाक गळे, दूध ओढत नसे. शेजारच्या एका म्हातारीला ठाऊक होतं. ती म्हणे, एकदम तोडू नका, रोज थोडी बारीक करा. "तसंच शे हाई," त्या म्हणाल्या.

माझ्या डोक्यात आठ महिने जे शिरलं नव्हतं ते त्यांनी ज्वारीचे हात पदराला पुसत सांगितलं.

सोमवार

सकाळी फोन लावला. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर शाळेच्या फलकावर आहे, मीच पोरांकडून वाचून घेते. पण 'व्यसन' हा शब्द तोंडातून निघेना. म्हणून १४४१६ लावला, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर. पलीकडची बाई मराठीत बोलली, घाई केली नाही. तिने एवढंच बजावलं की घरी दात-ओठ खात सोसू नका, ही गोळी एकदम तोडली तर त्रास वाढू शकतो, मानसोपचाराच्या डॉक्टरांना आजच दाखवा.

हे जिनिंगमधून रजा टाकून आले. भुसावळकडे जाणारी गाडी धरली. धरणगाव येईपर्यंत मी तीनदा उठले. जळगावच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर बाकावर बसले तेव्हा पदर तोंडावर घेतला होता, कुणी पालक दिसू नये म्हणून.

डॉक्टर तरुण होते. सगळं ऐकून आधी विचारलं, "आकडी आली का कधी? दारू? झोपेची दुसरी गोळी?" नाही म्हटल्यावर वहीवर मेंदूचं गोल काढून समजावू लागले. दुखणं शमवणारं रसायन शरीर स्वतःही तयार करतं. बाहेरून महिनोनमहिने गोळी आली की मेंदू तिच्याच हिशेबाने चालायला शिकतो. अंग जागं ठेवणारं, धडधड वाढवणारं जे रसायन गोळीने दाबून ठेवलेलं असतं ते गोळी गेली की उसळतं. काटा, घाम, जांभया, जुलाब, सगळं त्या उसळीचं. ट्रॅमाडॉल दुहेरी काम करते, अफूच्या जातीचं आणि शिवाय उदासीवरच्या काही औषधांसारखंही. डोक्यातला करंट आणि ती बिनकारणाची भीती त्या दुसऱ्या बाजूची. ती अफूच्या बोंडातून निघत नाही, कारखान्यात बनते, पण मेंदूतल्या त्याच कुलुपाला लागते.

मी विचारलं, "म्हणजे मी व्यसनी का?"

म्हणाले, "ताई, शरीराला सवय लागणं हे कुणालाही होतं, आठ महिने घेतल्यावर होणारच. लपवून घेणं, दुखत नसताना घेणं, ही पुढची पायरी. तुम्ही त्या पायरीवर एक पाय ठेवला होता. दोन्हीचा इलाज आहे." त्यांनी गोड करून सांगितलं नाही, म्हणूनच मला धीर आला.

५० ची एक, दिवसातून तीनदा. दोन आठवड्यांनी दोनदा, मग एकदा, मग बंद. त्रास वाढला तर तिथेच थांबायचं, पण मागे जायचं नाही. प्रत्येकाची पायरी वेगळी असते, माझी बघून दुसऱ्या कुणी उतरू नये, हेही त्यांनीच सांगितलं. आणि एक गोष्ट दोनदा सांगितली: आता शरीराची सोसण्याची ताकद उतरली आहे, चुकून जुना ३०० चा डोस एकदम घेतला तर झेपणार नाही, श्वास मंदावू शकतो, आकडी येऊ शकते.

गोळ्या माझ्याकडे ठेवायच्या नाहीत असं ठरलं. सासूबाईंनी पट्टी पदराच्या गाठीत बांधली.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी

लेक आली आहे. काल गल्लीतल्या कडुनिंबाला झोका बांधला होता, पोरी रात्री उशिरापर्यंत गाणी म्हणत होत्या. घरात पुरणाचा वास, घागरीवर डांगर (खरबूज). मी दिवसाला १०० वर आले, चौथा दिवस.

एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. मंगळवारी लेकीचं ब्लाऊज उसवायला मशीनचा खण उघडला, तर बॉबिनच्या डब्याखाली जुनी पट्टी सापडली. एसआर १००, सहा शिल्लक. मी ती उचलली आणि चोळीत ठेवली. दोन दिवस तशीच अंगावर वागवली. घेतली नाही, पण दिलीही नाही. भाकरी थापताना तिचा कोपरा टोचत होता. दर वेळी टोचली की वाटे, आज रात्री एक, फक्त पाय शांत होण्यापुरती. डॉक्टरांनी दोनदा का सांगितलं ते त्या दोन दिवसांत कळलं.

गुरुवारी संध्याकाळी सासूबाई तुळशीपाशी दिवा लावत होत्या. मी जाऊन पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठ्याने चाचपून मोजल्या. "सहा," म्हणाल्या. मग गाठ सोडून त्यातली माझी रात्रीची कॅप्सूल काढून दिली. सहा गोळ्यांची ती पट्टी यांनी पुढच्या खेपेला जळगावला नेऊन डॉक्टरांपुढे ठेवली.

वैशाखाचा शेवटचा आठवडा

दिवसाला एकच उरली आहे, रात्रीची. जुलाब थांबून बरेच दिवस झाले. पायांची ओढ अजून आहे, पहाटे तीनच्या सुमारास उठवते. तेव्हा मी अंगणात फेऱ्या मारते, गार पाण्याने पोटऱ्या धुते, पुन्हा आडवी होते. नळीचं हाड दुखतं, पण ते वेगळं दुखणं आहे, व्यायाम केला की वाढतं आणि शेकलं की उतरतं. गोळ्या घेत असताना ते दुखणं उलट पसरत चाललं होतं, धक्का लागला तरी कळ जाई. या गोळ्या फार दिवस घेतल्या तर असंही होतं म्हणे.

उदास वाटतं, हे खरं. दुपारी चारला सगळं फिकं दिसतं. डॉक्टर म्हणतात, हे सगळ्यात शेवटी जातं.

उन्हाळा सरत आला म्हणून सासूबाईंनी बिबड्यांचा दुसरा घाणा काढला आहे. ज्वारी तीन दिवस भिजली, आज भरडली. उद्या पहाटे पाचला चुलीवर घाटा चढवायचा, तीळ-हिंग घालून ढवळत राहायचं, ऊन चढायच्या आत ओल्या धोतरावर थापून संपवायचं. ढवळायला मला बसवणार आहेत. तीनला जाग आलीच तर चुलीची लाकडं तेवढी आत आणून ठेवीन.