वेअरहाउसच्या दारात

शिकागोच्या युनियन स्टेशनमधून रविवारी सकाळी निघालो आणि पाचच मिनिटांत २०६, साउथ जेफरसन या पत्त्यावरील तीन मजली इमारतीसमोर पोहोचलो. १९७७ साली येथे ‘वेअरहाउस’ हा क्लब सुरू झाला. शनिवारी रात्री आत गेलेले तरुण, ज्यांत बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी असत, रविवारी ऊन चढल्यावर बाहेर पडत. म्हणूनच मी मुद्दाम ही वेळ निवडली होती.

क्लबचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी न्यूयॉर्कहून बोलावून आणलेले डीजे फ्रँकी नकल्स येथे संगीत वाजवीत. मद्य मिळत नसे, फळांचा रस मिळे. त्यामुळे दारूच्या गुत्त्यांना लागू असलेली बंद होण्याची वेळ या जागेला लागू नव्हती. मला ही बाब फार मोलाची वाटते, कारण येणारा प्रत्येक जण केवळ नाचण्यासाठी येत असे. या क्लबच्या नावावरूनच तेथील संगीताला ‘हाउस’ म्हणू लागले, आणि त्या संगीतावरच्या नाचाला ‘जॅकिंग’.

तो नाच मी आदल्याच दिवशी जॅक्सन पार्कमधील ‘चोझन फ्यू’ या वार्षिक हाउस मेळाव्यात पाहिला होता. साठी उलटलेले एक गृहस्थ गवतावर जवळजवळ जागच्या जागी उभे होते. मात्र मिनिटाला सुमारे १२० ठोक्यांच्या त्या तालावर त्यांची छाती पुढे येई, मागे जाई, आणि ती लाट पाठीच्या कण्यातून कमरेपर्यंत उतरून सैल सोडलेल्या गुडघ्यांत विरे. अंगात वारे भरावे तसे ते दिसत होते. या नाचाला जोडीदार लागत नाही, आणि लागला तर तो पुरुष की स्त्री हे कोणी विचारीत नाही. खच्चून भरलेल्या गर्दीत पाय टाकायला जागा नसते, म्हणूनच तो धडात वसला असावा, असे मला तेव्हा जाणवले.

याच शहरात १२ जुलै १९७९ रोजी कोमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर, ज्यातून हाउस जन्मले त्या डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. कृष्णवर्णीयांच्या आणि समलिंगींच्या संगीताबद्दलचा तो द्वेष होता, असे अनेकांप्रमाणे मीही मानतो. वेअरहाउसमधील नाच त्यानंतरही चालूच राहिला.

२००४ साली रस्त्याच्या या तुकड्याला नकल्स यांचे नाव मिळाले. इमारतीला मात्र शहराने वारसास्थळाचा दर्जा २०२३ मध्ये दिला; तेव्हा नकल्स यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती.