आई अन् मोठ्या आईला घेऊन नागपूर ते मुंबई विमानानं, हिंगणघाटकडच्या खेड्यातून जाणाऱ्यांसाठी

जानेवारीत आई अन् मोठी आई दोघींना घेऊन नागपूरवरून मुंबईला विमानानं गेलो अन् पाचव्या दिवशी परत आलो. ताईला मुलगी झाली, ती घाटकोपरला राहते, रेल्वेचं कन्फर्म तिकीट काही मिळेना अन् मोठ्या आईचे गुडघे असे की वरच्या बर्थचं तर सोडाच, रात्रभर बसूनही होत नाही. तिकीट दीड महिना आधी काढलं म्हणून परवडलं. दोघीही पहिल्यांदाच विमानात. मी आधी दोनदा बसलो होतो पण एकटा, पाठीवर एक बॅग, तेव्हा काहीच कळलं नव्हतं. म्हातारी माणसं अन् बाळंतिणीचं सामान घेऊन जाणं वेगळंच असते. गावात तिघाचौघांनी कसं कसं केलं म्हणून विचारलं, तर सगळं लिहूनच टाकतो.

सगळ्यात आधी खोबऱ्याचं सांगतो, कारण आमचा खरा घोळ तिथंच झाला. बाळंतिणीच्या लाडवासाठी मोठ्या आईनं डिंक, खारीक, गोडंबी अन् सुक्या खोबऱ्याच्या चांगल्या तीन किलो वाट्या बॅगेत भरल्या होत्या. मुंबईत असं खोबरं मिळत नाही म्हणे. काउंटरवर बॅग दिली, पट्ट्यावरून गेली, आम्ही बोर्डिंग पास घेऊन निवांत उभे, तर पाच-सात मिनिटात नाव घेऊन बोलावलं, "सूखा नारियल है क्या अंदर?" सुकं खोबरं विमानात चालतच नाही, ना काउंटरवर द्यायच्या बॅगेत ना हातातल्या. त्यात तेल इतकं असते की ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून ते धोक्याच्या सामानात मोजतात. त्या माणसानं नीट समजावून सांगितलं, चिडचिड नाही काही नाही, पण मोठी आई बिचारी चारचौघात बॅग उघडून वाट्या काढत बसली अन् तिचा चेहरा इतका उतरला की मलाच कसंतरी झालं. मी आधी वाचून घेतलं असतं तर तिच्यावर ही वेळ आली नसती. नशीब, सोडायला आलेला भाचा पार्किंगमध्येच होता. दारावरच्या जवानाला विचारून खोबऱ्याची पिशवी त्याच्या हाती दिली अन् ती गावाला परत गेली. म्हणून सोडायला जो कोणी येईल त्याला लगेच गाडी काढू देऊ नका, तुमची सिक्युरिटी झाली असा फोन येईपर्यंत थांबव म्हणा.

बाकी खाण्याचं सामान आरामात गेलं. घरी केलेले तिळाचे लाडू हातातल्या पिशवीत नेले, कोणी काही बोललं नाही. लाल तिखट मात्र हातातल्या बॅगेत चालत नाही, ते काउंटरच्या बॅगेत टाका, लोणचं अन् तूपसुद्धा तिथंच, अन् बरणीला दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या घट्ट बांधा. आडकित्ता, कात्री, विळी, सुरी सगळं खालच्या, म्हणजे काउंटरवर द्यायच्या बॅगेत. माचिस अन् लायटर तर कुठंच चालत नाही, घरीच काढून ठेवा, अन् कोटाचे, पिशवीचे खिसे तपासा कारण खर्रा खाणाऱ्या अन् बिडी ओढणाऱ्या माणसाच्या खिशात ते राहूनच जाते. पॉवरबँक उलटी, ती खालच्या बॅगेत चालत नाही, हातातल्याच बॅगेत ठेवायची.

वजनाचं म्हणाल तर आमच्या तिकिटावर माणशी १५ किलो खाली अन् ७ किलो हातात असं होतं, देशातल्या साध्या तिकिटावर बहुतेक असंच असते पण आपलं तिकीट वाचून घ्या. बरेच ठिकाणी १५ किलोची एकच बॅग धरतात, म्हणजे तीन पिशव्या मिळून १५ असं नाही चालत. आपल्याकडं चुंगडं, म्हणजे पोतं भरायची सवय, तर ते नको, चेनची एकच मोठी बॅग घ्या. वजन घरीच करा, लटकवायचा काटा कोणाकडं तरी असतोच, मी आदल्या रात्री केलं तर पावणेअठरा भरलं, मग तुरीची डाळ काढून आईच्या बॅगेत टाकली. तिथं काउंटरवर जास्तीच्या दर किलोला पैसे लागतात अन् ते डाळीच्या भावापेक्षा कितीतरी जास्त असतात.

तिकिटावरचं नाव अन् आधारवरचं नाव एकच पाहिजे. आईचं आधारवर सासरचं नाव, बँकेत वेगळं, रेशन कार्डावर तिसरंच, म्हणून तिकीट काढताना मी आधार समोर ठेवून एकेक अक्षर पाहून टाकलं. आधार नसेल तं मतदान कार्डही चालते. ओरिजिनल सोबत घ्या, झेरॉक्सवर भरवसा नको.

आमच्याकडून जाणाऱ्यांना एक बरं आहे, नागपूरचं विमानतळ सोनेगावला वर्धा रोडवर आहे, म्हणजे जाम, बुटीबोरी करत आलं की शहराच्या आधीच लागते, सीताबर्डीच्या गर्दीत शिरायचं कामच नाही. एसटीनं येणाऱ्यांनी कंडक्टरला आधीच सांगून ठेवायचं. मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन पण आहे पण ते रोडवर, टर्मिनल आत, सामान घेऊन चालायच्या भानगडीत पडू नका, ऑटो करा. आमचं विमान ११:४० चं होतं, आम्ही साडेसहाला गावातून निघालो, साडेआठला पोचलो. मोठी आई म्हणे, "काऊन एवढ्या लवकर आणलं बाप्पा?" पण खोबऱ्याच्या भानगडीत अर्धा तास गेला तेव्हा तो वेळ कामी आला. काउंटर विमानाच्या तासभर आधी बंद होते अन् विमानात चढायचं गेट २५ मिनिटं आधी, एसटीसारखं पळत जाऊन चढता येत नाही, म्हणून दोन-अडीच तास आधीच पोचा.

दारावर जवान तिकीट अन् आधार पाहतो, मग काउंटर, मग सिक्युरिटी. ट्रेमध्ये मोबाईल, चार्जर, पर्स, पट्टा, सुट्टे पैसे सगळं टाकायचं. आईला सगळ्यात जास्त भीती मंगळसूत्राची होती, काढून ठेवायला सांगतील का म्हणून रात्रभर तिला नीट झोप नव्हती. कोणी काढायला लावलं नाही. बायांसाठी पडद्याआड वेगळी जागा असते, तिथं बाईच तपासते, मशीन वाजलं तरी हातानं पाहून सोडून देते. तुमच्या घरच्या बायांना हे निघायच्या आधीच सांगा, त्यांना विचारायला लाज वाटते अन् त्या मनातल्या मनात घाबरत राहतात.

व्हीलचेअर हे माझं सगळ्यात आवडीचं काम झालं. तिकीट काढतानाच टाकायची, नाही तं निदान ४८ तास आधी कंपनीला फोन करून सांगायचं. मोठी आई आधी नाहीच म्हणे, मी काय लंगडी आहे का म्हणून, पण मुंबईला उतरल्यावर जे चालणं आहे ते पाहून स्वतःच म्हणाली की बरं केलं बापू. ढकलणारा पोरगा विमानाच्या दारापासून तर बाहेर गाडीपर्यंत सोडतो, सोबतच्या माणसालाही त्याच्या मागं मागं जाता येते. लिफ्टनं नेतो तो, म्हणून सरकत्या जिन्याचा प्रश्नही मिटला. नऊवारीवाल्या बायांना सरकत्या जिन्यावर नेऊच नका, लिफ्ट सगळीकडं आहे, शोधायला दोन मिनिटं लागतील एवढंच.

दीड तासात मुंबई. आम्ही टर्मिनल २ ला उतरलो, सहारला आहे ते, २०१४ ला सुरू झालेलं. छत पाहून आई मान वर करून उभीच राहिली, मोराच्या पिसासारखे खांब आहेत. बाहेर पडताना आमच्याकडं सामान होतं म्हणून प्रीपेड टॅक्सी केली, आतल्या काउंटरवरूनच करा, बाहेर मागं लागणाऱ्यांसोबत जाऊ नका.

आता परतीचं. घाटकोपरवरून मेट्रोनं मरोळ नाका, तिथं जमिनीखालच्या मेट्रो ३ मध्ये बदलायचं अन् पुढचंच स्टेशन एअरपोर्ट टी २. सामान कमी झालं होतं म्हणून असंच गेलो. आलो तिथूनच जायचं असं मी धरून चाललो, तिकीट नीट पाहिलंच नाही. टी २ च्या दारावर जवान म्हणाला, हे तिकीट तर टी १ चं आहे. पायाखालची जमीनच सरकली. टी १ सांताक्रूझकडं, एकाच विमानतळाचे दोन भाग पण रस्त्यानं चांगले चार-पाच किलोमीटर दूर, अन् एकाच कंपनीची काही विमानं इथून तर काही तिथून सुटतात. परत खाली मेट्रोत आलो, मधात सहार रोड अन् मग टी १, दोनच स्टेशन आहेत म्हणून वाचलो. घरून तीन तास आधी निघालो होतो, काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं असताना पोचलो. आई रस्ताभर काहीच बोलली नाही, फक्त माझा हात धरून होती.

अन् आता तर मुंबईला तिसराही घोळ आहे. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालं, ते उलव्याला, पनवेलच्या बाजूला. स्वस्त दिसलं म्हणून न पाहता तिकीट काढू नका. तिकिटावर बीओएम असेल तर जुनं मुंबई, एनएमआय असेल तर नवी मुंबई. तुमचा माणूस पनवेल, खारघर, वाशीला राहत असेल तर तेच सोयीचं पडेल, पण घाटकोपर-अंधेरीवाल्याला ते लांब आहे.

मुंबईत अजून एक, बोर्डिंगचा पुकारा माईकवर होत नाही, स्टेशनवर होते तसं धरून बसून राहू नका. गेट नंबर स्क्रीनवर पाहायचा अन् मधूनमधून परत पाहायचा, आमचा एकदा बदलला.

नागपूरला रात्री आठला उतरलो. भाचा गाडी घेऊन आला होता. तुमच्याकडं कोणी यायचं नसेल तर संध्याकाळचं विमान घेऊच नका, हायवेवर रात्री बायामाणसं घेऊन एसटीची वाट पाहणं बरोबर नाही, सकाळचं घ्या अन् उजेडात गावी पोचा.