कच्च्या कैद्याच्या डोक्यात काय चालतं?

तुरुंग कशासाठी, याची चार उत्तरं कायद्याच्या पुस्तकात असतात: केल्याची सजा मिळावी, इतरांना जरब बसावी, धोकादायक माणूस समाजापासून दूर राहावा आणि तो सुधारून बाहेर यावा. आतल्या माणसावर गुन्हा शाबीत झालाय, हे चारही उत्तरांत गृहीत धरलेलं असतं. एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर बंदी होते आणि त्यातले जवळपास ७६ टक्के न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले कच्चे कैदी. त्यांना आत ठेवण्याचं कारण निराळंच: पळू नये, साक्षीदारांना धमकावू नये, पुराव्यात ढवळाढवळ करू नये. दोषी ठरले तर आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. निर्दोष सुटले तर वजा करायला काही नसतंच.

शिक्षा लागलेल्या, म्हणजे पक्क्या कैद्याला निदान हिशेब मांडता येतो. इतकी वर्षं, त्यातून माफीचे दिवस वजा, मध्ये घरी जाऊन यायला संचित रजा (फर्लो). सक्तमजुरी असेल तर सुतारकाम, विणकाम, शेती असं काहीतरी हाताला असतं. कच्च्यावर कामाची सक्ती नाही. ऐकायला ही सवलत वाटते, पण भरलेल्या बराकीत दिवसभर रिकामं बसणं हीच मोठी सजा. त्याचं कॅलेंडर म्हणजे कोर्टाची पुढची तारीख. कोर्टात न्यायला पोलीस गार्ड मिळाला नाही की ती तारीखही जाते आणि तो संध्याकाळी मोजणीसाठी पुन्हा रांगेत. अशाने आधी झोप जाते, मग चिडचिड वाढते, आणि पुढे माणूस विचारायचंच सोडतो. बाहेरून तो ‘शांत’ दिसतो, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. माझ्या मते बराकीत लक्ष ठेवायचं तर भांडखोरावर नाही, या शांत माणसावर.

आत्महत्येचा धोका आत आल्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत जास्त असतो, आणि जामीन फेटाळला, घरून वाईट बातमी आली की पुन्हा वाढतो. सुरुवातीच्या दिवसांत दुसराही एक धोका असतो, म्हणून दाखल करतानाच्या तपासणीत एक प्रश्न न चुकता विचारायला हवा: रोज दारू पिता का, शेवटची कधी प्यायलात? रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांतच हात थरथरू लागतात, पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, साधारण दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. उपचार न झाल्यास जीवही जातो. बराकीत याला ‘नाटक’ म्हणतात.

या सगळ्यावर खरा उतारा म्हणजे लवकर सुटका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे याआधी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने त्याच्यावरच्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर, म्हणजे हजर राहण्याची लेखी हमी घेऊन सोडायचं असतं. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्याची. न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकलेली आहे. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना हे कलम लागू नाही. मेख आणखी एका ठिकाणी आहे: दुसरी केस प्रलंबित असेल तर लाभ नाही. त्यामुळे किरकोळ चोऱ्यांच्या तीन-चार केसेस अंगावर असलेला अडकून पडतो. काहींचा जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही, तो भाग वेगळाच.

आपल्याकडे उलटं उदाहरणही आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत औंध संस्थानाने १९३९मध्ये सुरू केली. तिथे बंदी कुटुंबासह राहतात, शेती करतात. कधी पेरायचं, किती पाणी द्यायचं, असे निर्णय घेण्याची सवय तिथे टिकते. बंद बराकीत आधी तीच जाते. पैठण, येरवड्यालाही खुली कारागृहं आहेत. तिथे जायची पहिली अट मात्र एकच: शिक्षा लागलेली असावी.