माफ न करता पाळायचा कायदा

१९ मे, रात्री

कल्याणीनगरच्या अपघाताची तारीख आली की लोकांच्या बोलण्यात दोनच गोष्टी येतात, पोर्श गाडी आणि तीनशे शब्दांचा निबंध. ज्यांचा जीव गेला ते दोघं चोवीस वर्षांचे होते, मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले संगणक अभियंते. २०२४ साली आजच्याच तारखेला, पहाटे अडीचच्या सुमारास ते दुचाकीवरून चालले होते आणि मागून आलेल्या भरधाव गाडीने त्यांना उडवलं. गाडी चालवणारा मुलगा अठराला चार महिने कमी होता.

आधी त्या दोन घरांबद्दल लिहायला हवं. त्यांनी माफ करावं, मन मोठं करावं, असं सांगायचा अधिकार बाहेरच्या कुणालाही नाही. माफी द्यायची की नाही, कधी द्यायची, की जन्मात द्यायचीच नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. ‘मुलगा लहान आहे, जाऊ द्या’ हे वाक्य ज्याचं काहीच गेलेलं नाही त्याच्या तोंडून फार सहज निघतं. इथपर्यंत माझ्या मनात कसलाही संभ्रम नाही.

गोंधळ पुढे होतो. लोक समजतात की बाल न्याय कायदा, म्हणजे अठराच्या आतल्या आरोपी मुलांसाठीचा कायदा, म्हणजे समाजाच्या वतीने दिलेली माफी. तसं असतं तर समाजाने ती नाकारण्यात काही चूक नव्हती. पण या कायद्याने माफी मागितलेलीच नाही. त्याने काही पायऱ्या घालून दिल्यात आणि त्या मुलाबद्दल मनात दया असो वा नसो, त्या चढायच्या आहेत. दया आटते तेव्हाच तर या पायऱ्यांची गरज पडते.

त्या रविवारी काय झालं ते नीट पाहू. मुलाला त्याच दिवशी बाल न्याय मंडळाच्या, म्हणजे मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या मंडळाच्या, एका सदस्यापुढे उभं केलं गेलं. पूर्ण मंडळ म्हणजे एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली निदान एक महिला. मंडळाची बैठक नसेल तेव्हा एकट्या सदस्यापुढे हजर करायची मुभा कायद्यात आहे. साडेसात हजारांचा जातमुचलका आणि आजोबांची हमी घेऊन जामीन झाला. सोबत अटी होत्या: वाहतुकीच्या नियमांचा अभ्यास, व्यसनाबाबत समुपदेशन आणि तो निबंध.

लोकांनी निबंध ही शिक्षा समजली. दोन जिवांची किंमत तीनशे शब्द, असा त्याचा अर्थ घेतला गेला आणि संताप उसळला. प्रत्यक्षात ती जामिनाची अट होती, चौकशी अजून सुरूही झालेली नव्हती. पण दोष निव्वळ वाचणाऱ्यांचा नाही. समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, तीन वर्षांपर्यंत चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं, तीन वर्षांपर्यंत विशेषगृहात म्हणजे दोषी मुलांच्या सुधारगृहात ठेवणं, असे आदेश चौकशी पुरी होऊन दोष सिद्ध झाल्यावर द्यायचे असतात. त्यांच्यासारखं काही पहिल्याच दिवशी जामिनाला चिकटवलं की ते शिक्षेसारखंच दिसणार, आणि शिक्षा म्हणून ते हास्यास्पद ठरणार. त्या आदेशाने मुलाचं भलं केलं नाही, कायद्याचंही नाही, आणि त्या दोन घरांच्या जखमेवर मीठ चोळलं गेलं ते वेगळंच.

जामीन देणं मात्र चूक नव्हतं. हे लिहिलं की माणसं चिडतात, तरी लिहायला हवं. प्रौढांच्या बाबतीत जामिनाचा विचार करताना गुन्ह्याचं गांभीर्य वजनात धरतात. मुलाच्या बाबतीत जामीन हाच नियम, मग गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. नाकारायला तीनच कारणं चालतात: सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका होईल, किंवा त्याच्या सुटकेने न्यायाचा हेतूच हरेल. ‘गुन्हा भयंकर आहे’ हे त्या यादीत नाही. ‘लोक रस्त्यावर उतरलेत’ हेही नाही.

तीन दिवसांनी, २२ मेला, मंडळाने आपलाच आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे, पाठवलं. जामीन रद्द केला नव्हता आणि मुलगा मात्र आत. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवून त्याला आत्याच्या ताब्यात द्यायला सांगितलं. लोकांचा आक्रोश कितीही असो, या मुलालाही कायद्याने इतर कुठल्याही मुलासारखंच वागवायचं, हा त्या निकालाचा गाभा होता. नंतर मंडळाच्या दोन अशासकीय सदस्यांना सरकारने पदावरून काढलं, आणि मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवायची मागणी मंडळाने जुलै २०२५मध्ये फेटाळली.

या शेवटच्या गोष्टीवर सगळ्यात जास्त शिव्याशाप झाले, म्हणून ती जरा उलगडून लिहिते. सोळा ते अठरामधल्या मुलाला प्रौढ म्हणून उभं करायचं तर गुन्हा ‘निर्घृण’ या वर्गातला लागतो. निर्घृण म्हणजे ज्याला कायद्याने किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे तो. किमान हा शब्द इथे कळीचा. या मुलावर आरोप होता त्या सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, पण किमान सात वर्षांची अट तिथे नाही. दिल्लीत २०१६ साली एका अल्पवयीन मुलाच्या मर्सिडीजखाली एक तरुण गेला होता. तरुणाच्या बहिणीने तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि ९ जानेवारी २०२० रोजी उत्तर आलं की असा गुन्हा ‘गंभीर’ या वर्गात धरायचा, ‘निर्घृण’मध्ये नाही. कायदा करताना ही फट राहून गेल्याचं न्यायालयाने स्पष्ट नोंदवलं आणि ती भरणं संसदेवर सोडलं. संसदेने २०२१ साली दुरुस्ती केली आणि असे गुन्हे ‘गंभीर’ याच वर्गात राहतील असं लिहूनच टाकलं. तेव्हा पुण्यातल्या मंडळाने श्रीमंताच्या पोरासाठी नवीन पळवाट काढली, हे म्हणणं खरं नाही.

गुन्हा निर्घृण असला तरी प्रौढ खटला आपोआप होत नाही. तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यमापन करायचं असतं: गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम कळण्याची समज आणि गुन्हा घडला ती परिस्थिती. ‘बुद्ध्यांक बरा आहे’ एवढ्यावर ते उरकता येत नाही. मंडळात बालमानसशास्त्र जाणणारं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यायचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये सांगितलं.

मग लोकांची सहानुभूती तुटली ती कशाने? मला वाटतं, मुलाला सवलत मिळाली म्हणून ती तुटली नाही. सवलत विकत घेतली जातेय असं दिसलं म्हणून तुटली. रक्ताचा नमुना बदलून आईचा ठेवल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली, आईवडिलांना अटक झाली. मुलासाठी ठेवलेल्या मऊ जागेत मोठी माणसं लपू पाहत होती. त्यांच्यावरचा राग रास्त आहे आणि त्यांच्यासाठी मऊ काहीही नको. अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही, ही तरतूद २०१९पासून मोटार वाहन कायद्यात आहे. मोठ्यांवर राग काढायला कायद्यात भरपूर जागा आहे. ती न वापरता ‘वय सोळावर आणा’, ‘मुलांनाही तुरुंगात टाका’ अशी मागणी उठली. मग हा राग कुणाच्या डोक्यावर पडणार होता?

येरवड्याच्या निरीक्षणगृहात बहुतेक कोणती मुलं असतात ते पाहावं. मोबाइल चोरलेली, मारामारीत कोयता हातात सापडलेली, भावकीच्या किंवा गल्लीतल्या दादाच्या मागे गेलेली. तीन कारणांची तीच यादी यांनाही लागू असते, पण जामीन मिळूनही मुलगा आतच राहतो, कारण घ्यायला कुणी येत नाही. आई चार घरची धुणीभांडी करते, तारखेला यायचं म्हणजे खाडा. बाप म्हणतो, ठेवा त्याला आत, सुधारेल. खोली भाड्याची, तीही मधल्या काळात बदललेली, आणि पत्ता जुळत नाही. कायद्याने हे ओळखलंय. जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या झाल्या नाहीत तर मुलाला पुन्हा मंडळापुढे न्यायचं आणि अटी सैल करायच्या. ही तरतूद वापरायची तर कुणीतरी सात दिवस मोजायला हवेत. आठव्या दिवशी त्या मुलासाठी अर्ज करायला वकील उभा असतोच असं नाही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते सामाजिक तपासणी अहवालात. मुलगा हजर झाल्यापासून परिविक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे मुलाच्या घरची माहिती काढून मंडळाला देणाऱ्या अधिकाऱ्याने, हा अहवाल दोन आठवड्यांत द्यायचा असतो. ठरलेला नमुना आहे: घरात कोण, कमाई किती, शाळा कधी आणि का सुटली, काम करतो का, मालक कसा वागवतो, मारहाण, व्यसन, मित्र, गुन्ह्यामागचं कारण, पुढे काय करावं. नीट करायचा तर घरी दोनदा जावं लागतं, एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळी आईबाप कामावरून आल्यावर. शाळेत एक फेरी, शेजारी एक फेरी. शेजाऱ्यांकडे तर फार जपून, कारण ‘पोरगं कशात सापडलं’ हे त्यांना कळलं की अहवालानेच मुलाचं नुकसान केलं. एका अधिकाऱ्याकडे ढीगभर प्रकरणं असली की एकाच भेटीत, कधी कार्यालयात आईला बोलावूनच, अहवाल उरकतो. मग प्रत्येक कागदावर तेच: ‘संगत वाईट, पालकांचे दुर्लक्ष, समुपदेशनाची गरज’. मंडळ याच कागदावर मुलाचं पुढचं ठरवतं. नावं बदलून दहा मुलांना तोच कागद लागू पडत असेल, तर त्यातून एकाही मुलासाठी योग्य आदेश निघणार नाही.

पोलीस ठाण्याच्या पायरीवरही असंच. कोठडीत ठेवायचं नाही, बेडी नाही, अधिकारी साध्या वेशात हवा, चोवीस तासांच्या आत मंडळापुढे न्यायचं. गुन्हा निर्घृण नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल तर गुन्हा दाखल न करता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद आणि मुलाच्या पार्श्वभूमीचा अहवाल एवढंच करायचं. हे वाचून ‘एवढे लाड कशाला’ असं कुणीही म्हणेल. पण ज्याच्यामागे वकिलांची फौज आहे त्याला हे सगळं मागून मिळतं. ज्याच्यामागे कुणी नाही त्याला हे फक्त नियम म्हणूनच मिळू शकतं. नियम मोडकळीला आणले तर श्रीमंताचं फार बिघडत नाही.

२०१५चा डिसेंबर आठवतो तो यासाठीच. दिल्लीतल्या २०१२च्या अत्याचार प्रकरणातला अल्पवयीन तीन वर्षं पुरी करून २० डिसेंबरला सुटला. त्याला पुन्हा उभं करण्याच्या सरकारी आराखड्यात दहा हजार रुपये आणि शिलाई मशीन होतं आणि लोक त्या मशीनवर तुटून पडले. २२ डिसेंबरला नवा बाल न्याय कायदा राज्यसभेत मंजूर झाला, सोळा-अठराच्या मुलांना प्रौढ म्हणून उभं करायची वाट त्यातच आली. त्या मुलीसाठी पेटलेला राग खराच होता. पण सुटलेल्या माणसाने पोट कशावर भरावं, याचं उत्तर त्या रागाकडे नव्हतं. मशीन नको तर मग काय? हाताला काम नसलेला माणूस गल्लीतल्या दादाच्या दारात जातो, आणि दादा त्याला काम द्यायला टपलेलाच असतो.

त्या मुलाबद्दल माझ्याही मनात माया नाही. ती असावीच असा आग्रह मी कुणाला करणार नाही. शिलाई मशीन द्यायला माया लागत नाही.

रात्री उशिरा

एक बाजू लिहायची राहिली. बाल न्याय मंडळाची चौकशी बंद दाराआड चालते, मुलाचं नाव छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. ते बरोबरच आहे. पण त्याच दाराबाहेर, ज्याचा जीव गेला त्याचे आईवडील उभे असतात आणि तारीख कधी, आदेश काय, हे त्यांना बहुधा बातम्यांतून कळतं. नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत पीडितांना कळवायची, असं स्पष्ट आहे. मंडळासमोरच्या प्रकरणातही पोलिसांनी हे काटेकोर करावं. मुलाचं नाव झाकून ठेवायचं म्हणजे या आईवडिलांना अंधारात ठेवायचं असा अर्थ होत नाही. जबलपूर असो की बीड, फोन करून पुढची तारीख सांगणं हे गुप्ततेच्या आड येत नाही.

आणि नोंदीचं. मुलावर दोष सिद्ध झाला तरी त्यामुळे पुढे कुठली अपात्रता चिकटत नाही, अपिलाची मुदत संपली की नोंद नष्ट करायची. अपवाद प्रौढ म्हणून दोषी ठरलेल्यांचा. प्रकरण निकालात निघालं असेल तर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये एका सरकारी नोकरीच्या प्रकरणात हेच लावून धरलं. तरी एमआयडीसीतल्या कारखान्यात, सुरक्षारक्षकाच्या कंपनीत, डिलिव्हरीच्या कामात दाखला मागतात तेव्हा ठाण्यातला एखादा जुना हवालदार चेहरा ओळखतो आणि ‘याच्यावर होतं काहीतरी’ म्हणून अर्ज बाजूला ठेवतो. अशा वेळी मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रत घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं, वकील फुकट मिळतो. ती प्रत ठाण्यात कुणाच्या हाती देऊ नये, आणि कारखान्यात तर दाखवूच नये. दाखला कोरा यायला हवा, त्यावर ‘बालपणीचे प्रकरण, निकाली’ असं लिहिलेलंही चालत नाही.