हरेगावच्या वाटेवर

माझ्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर तीन तारखा आहेत. तिन्हींपुढे एकच शब्द: तारण, म्हणजे पापातून सुटका. पहिली पंधराव्या वर्षातली, युवक शिबिरातली. शेवटच्या रात्री पाहुण्या उपदेशकांनी विचारलं, "आज रात्री मरण आलं तर तू कुठे जाशील?" दिवे मंद केले होते, पेटी हळू वाजत होती. मी हात वर केला. दुसरी तारीख कॉलेजातली, कारण पहिल्या वेळी हात मनापासून वर केला होता की शेजारच्याने केला म्हणून, याची शंका आली. तिसरी लग्नानंतरची. तिची हकीगत सांगण्यासारखी नाही.

तर असा हा तीनदा तारलेला माणूस सप्टेंबरात सासूबाईंबरोबर हरेगावला पायी निघाला.

आम्ही नगरचे. अमेरिकन मराठी मिशन हे प्रोटेस्टंट मिशन 1831 मध्ये नगरला आलं, त्यांच्याच मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, आमचं घर. 1970 पासून ती मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. बायकोचं माहेर नेवाशाजवळ, कॅथलिक. आमच्याकडे मतमाउलीच्या यात्रेचा विषय निघाला की वडील एवढंच म्हणायचे, "आपल्यात नाही ते." मतमाउली म्हणजे येशूची आई मारिया, वांद्र्याच्या माउंट मेरीचं मराठी तोंडात हे रूप झालं असं सांगतात. नवस, मेणबत्त्या, खेळण्यांची दुकानं, यातलं काहीच मला कधी पटलं नव्हतं. पण सासूबाईंचा गुडघा धरलेला, मेहुण्याला सुटी नाही, आणि बायकोने फोनवर ठरवूनच टाकलं होतं: "आई ऐकणार नाही. तू जा."

आमची दिंडी चाळीसेक माणसांची. पुढे निळ्या कापडाने सजवलेली हातगाडी, तीत मारियेची मूर्ती, बॅटरीवर चालणारा कर्णा. नेवासा म्हणजे ज्ञानोबांनी पैसाच्या खांबाला टेकून गीतेचा अर्थ मराठीत सांगितला ते गाव. तिथून टाकळीभानच्या रस्त्याने श्रीरामपूरकडे. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच पावसाची सर, चपलेला काळ्या मातीचे गोळे. कर्ण्यावरून रोझरी, म्हणजे माळेच्या मण्यांवर म्हणायची प्रार्थना, चाललेली. पहिल्या तासात मला तिचा कंटाळा आला, हे कबूल करतो. तेच ते शब्द. दुसऱ्या तासात मात्र त्यातला एक तुकडा कानात अडकला. प्रत्येक मण्याला ही माणसं मारियेला विनवत होती, की आमच्यासाठी प्रार्थना कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. म्हणजे शिबिरातला तोच प्रश्न. मला तो आयुष्यात तीनदा विचारला गेला होता. सासूबाई एका माळेत त्रेपन्न वेळा त्याच्यापाशी जात होत्या.

दुपारी त्यांच्या बाजूने त्यांची धाकटी जाऊ चालायला लागली. मी चमकलो. या दोघींचं बांधावरून भांडण, अकरा वर्षं बोलणं बंद. आमच्या लग्नातही एक मांडवात तर दुसरी बाहेर. आता एकीची पिशवी दुसरीच्या खांद्यावर होती.

"आई, हे कधी मिटलं?"

"काय?"

"तुमचं दोघींचं."

"कधी मिटलं गं?" त्यांनी जावेलाच विचारलं. जाऊ म्हणाली, तीन वर्षांमागं असंल, नाहीतर चार. दोघींनाही आठवेना. एका वर्षी म्हणे पाणी मागितलं, पुढच्या वर्षी भाकरी बांधून आणली. बांध अजून तिथेच आहे, मोजणी अजून झालेली नाही.

मी गप्प चालत राहिलो. तिसरी तारीख घातल्यानंतरही मी सख्ख्या भावाशी धड बोलत नव्हतो. आमच्याकडे आत्मिक वाढ या विषयावर दर वर्षी उपदेशमाला होते. मी वह्या भरभरून टिपणं काढली आहेत.

रात्री मुक्काम एका शाळेच्या ओसरीत. माझ्या टाचेला रुपयाएवढा फोड आलेला. सासूबाईंनी सुई मेणबत्तीवर धरली, दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला. "पाणी वाहून जाईल रात्रीतनं. कातडं काढू नका, जावईबापू." मग काय झालं कोण जाणे, मी तो प्रश्न त्यांना विचारला. शिबिरातला, शब्दाला शब्द.

त्या हसल्या. "मला काय ठावं? मी काय जज हाये का?" मग दोरा दाताने तोडता तोडता म्हणाल्या, "पण त्यो सोडील असं नाही वाटत. ह्यांचं झालं तवा मी वरीसभर चर्चला, मिस्साला गेले नाही. देवाला नाही नाही ते बोलले. त्यानं काय सोडलं का?"

तिथे दोरा संपला आणि विषयही.

झोप येईना. तारणाची खात्री माणसाला असू शकते का, हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजू मला पाठ आहेत. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547 मध्ये ठरवलं, की आपल्याला देवाची कृपा मिळालीच आहे, हे कोणी चुकू न शकणाऱ्या खात्रीने जाणू शकत नाही. आमच्या बाजूचं उत्तर योहानाच्या पहिल्या पत्रातलं: हे लिहिलंच यासाठी, की सार्वकालिक जीवन आपल्याला मिळालं आहे हे तुम्हाला कळावं. मला अजूनही आमचंच उत्तर बरोबर वाटतं. पण त्याच पत्रात पानोपानी भावावर प्रीती करण्याचा विषय आहे, आणि तिथे माझी बोटं नेहमी पटकन पान उलटतात. मेथडिस्ट पंथाचा प्रणेता जॉन वेस्ली याचं हृदय 24 मे 1738 ला लंडनच्या एका सभेत ऊबदार झालं, ही गोष्ट आमच्याकडे साक्षीच्या सभांत हमखास निघते. वर्ष उलटायच्या आत त्याने रोजनिशीत लिहिलं, की मी ख्रिस्ती नाही. हे मात्र कुणी सांगत नाही. 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गमध्ये प्रोटेस्टंटांपैकी लुथरन आणि कॅथलिकांनी तारणाविषयी जे संयुक्त निवेदन सह्या करून काढलं, त्यात खात्रीवरही एक भाग आहे: स्वतःकडे पाहिलं तर काळजीच वाटेल, भरवसा ठेवायचा तो ख्रिस्ताच्या वचनावर. ते मी कधीकाळी वाचलं होतं, मान डोलावली होती, आणि तरीही माझी नजर सगळा वेळ स्वतःच्या वर केलेल्या हातावरच होती. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, की माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. तिथे हात त्याचा आहे. ओसरीवर, घोरणाऱ्या चाळीस माणसांत पडल्या पडल्या हे पहिल्यांदाच नीट दिसलं.

दुसऱ्या दिवशी हरेगाव. बंद पडलेल्या साखर कारखान्याचं हे गाव या दिवसांत माणसांनी भरून जातं. ख्रिस्ती, हिंदू, कडेवर पोरं, हातात मेणबत्त्या, रेवड्यांच्या पाट्या. संत तेरेजाच्या चर्चपाशी मेण वितळून जमीन निसरडी झालेली. एक माणूस मुलाच्या नोकरीचा नवस मोठ्याने बोलत होता. तो मला तेव्हाही खटकला, आजही खटकतो. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणायचे, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. नवसाला कन्या-पुत्र होत असतील तर नवरा कशाला करायचा, असं विचारणारे तेच तुकोबा. ते त्या माणसाला काय म्हणाले असते, या विचाराने मला हसू आलं. सासूबाईंनी मागितलं काय, ते विचारलं. म्हणाल्या, "काही नाही. आले म्हणून सांगितलं."

मी मेणबत्ती लावली नाही. त्यांची विझत होती तेव्हा हाताचा आडोसा मात्र धरला.

परतीला एसटी. खिडकीशी सासूबाई, मधे जाऊ, कडेला मी, पाय चपलेबाहेर. भावाला फोन लावला. त्याने उचलला नाही. सासूबाई रोझरी म्हणता म्हणताच झोपी गेल्या. खड्ड्यात गाडी आपटली तशी माळ बोटांतून सुटायला लागली, ती मी धरली. कितव्या मण्यावर थांबल्या होत्या ते बोटाने दाबून ठेवलं. उठल्यावर विचारतील.