आलेख-वही, नोंद 9: बोक्याचं शिंकं आणि 1 कोटी 61 लाख

मंडळी, गेल्या नोंदीत म्हटल्याप्रमाणे बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा-मालिकेच्या सतराव्या हंगामाचे प्रेक्षक-आकडे आलेखावर चढवायला घेतले. हंगाम पुरा झालेला नाही, पॅरिसमध्ये घडणाऱ्या 'सिटी ऑफ डेथ' या चार भागांच्या कथेपाशीच अडकलोय. कारण अगदी क्षुल्लक: कागद संपला. उभी पट्टी मी दीड कोटीपर्यंतच आखली होती, त्यावर कोण जाणार म्हणून. तिसऱ्या भागानं 1 कोटी 54 लाख गाठले. वर तुकडा चिकटवला, तर चौथा 1 कोटी 61 लाखांवर. या मालिकेच्या कुठल्याही भागाला त्याआधी किंवा नंतर इतके प्रेक्षक मिळालेले नाहीत.

यामागचं कारण आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. 10 ऑगस्ट 1979 पासून ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर, म्हणजे बीबीसीच्या प्रतिस्पर्धी खासगी वाहिनीवर, संप होता आणि वाहिनी जवळजवळ सगळीकडे बंद होती. प्रेक्षकांपुढे उरल्या बीबीसीच्याच दोन वाहिन्या. बोक्याच्या नशिबानं शिंकं तुटलं, दुसरं काय! संप मिटला 24 ऑक्टोबरला. 'सिटी ऑफ डेथ'चा शेवटचा भाग 20 तारखेचा. 27 ला पुढची कथा 'द क्रीचर फ्रॉम द पिट' सुरू झाली आणि आकडा थेट 93 लाखांवर आला. आठवड्यात 68 लाख माणसं गायब.

इथवर मीही मान डोलावत होतो. पण संपाचे आठवडे पेन्सिलीनं करडे केले आणि एक गोष्ट खुपायला लागली. 'सिटी ऑफ डेथ'चे चारही भाग त्या करड्या पट्ट्यात येतात आणि त्याआधीचं 'डेस्टिनी ऑफ द डालेक्स'ही अख्खं त्यातच येतं. म्हणजे आयटीव्ही सगळेच आठवडे सारखीच बंद. तरीही डालेकांच्या (डॉक्टरच्या जुन्या शत्रूंच्या) कथेतल्या शेवटच्या भागाला 1 कोटी 44 लाख, आणि पॅरिसच्या पहिल्या भागाला 1 कोटी 24 लाख. डालेक गेले तसे वीस लाख लोकही गेले. मग 1 कोटी 41, 1 कोटी 54, 1 कोटी 61. दर शनिवारी चढतंच. संपानं दार उघडं ठेवलं हे खरं, पण उघड्या दारातून गर्दी आठवड्यागणिक वाढत गेली, तिचं श्रेय संपाला कसं देणार? ऑक्टोबरात तिकडे लवकर अंधारतं, लोक घरात बसतात, हे धरूनसुद्धा माझा कौल कथेला आहे.

कथा काय घाईत जुळली, ते तर आणखी नवल. मूळ कल्पना डेव्हिड फिशरची. ती हातोहात पुन्हा लिहून काढली निर्माता ग्रॅहम विल्यम्स आणि पटकथा-संपादक डग्लस ॲडम्स यांनी. श्रेयनामावलीत मात्र 'डेव्हिड ॲग्न्यू' हे टोपणनाव. मालिकेचं चित्रीकरण ब्रिटनबाहेर झालं तेही पहिल्यांदा याच कथेसाठी. पहिल्या भागात डॉक्टर आणि त्याची सोबतीण रोमाना पॅरिसभर नुसते पळत असतात, ती भरताड आहे अशी तक्रार कानावर येते. मला ती पळापळ आवडते. डडली सिम्पसनचं संगीत ऐकत तेवढं तर पाहावंच.

तेव्हाच्या कडव्या चाहत्यांतल्या अनेकांना मात्र हे सगळं फार थिल्लर वाटलं होतं. एका माणसाच्या घरात मोनालिसाची सहा अस्सल चित्रं, त्यांखाली फेल्ट पेननं 'हे बनावट आहे' असं लिहिलेलं. विज्ञानकथेत इतकी चेष्टा कशाला, असा सूर. तीस वर्षांनी, 2009 मध्ये, 'डॉक्टर हू मॅगझिन'च्या वाचकांनी तोवरच्या 200 कथांना क्रम लावला तेव्हा हीच कथा आठवी आली. हसू तेच, चेष्टा तीच. माझ्या मते ती टिकली ज्युलियन ग्लोव्हरमुळे. खलनायक काउंट स्कार्लिओनी तो इतक्या सभ्य, थंड थाटात करतो की बाकीच्यांनी कितीही वात्रटपणा केला तरी धोका खरा वाटत राहतो.

आणि समीक्षेचाच विषय निघालाय, तर चौथ्या भागातले जॉन क्लीझ आणि एलिनर ब्रॉन! कलादालनात उभ्या असलेल्या टार्डिसला, म्हणजे डॉक्टरच्या निळ्या खोक्यासारख्या कालयानाला, कलाकृती समजून दोघं गंभीरपणे तिचा रसास्वाद घेतात, तेवढ्यात ती अदृश्य होते आणि ते आणखीच खूश होतात. हा प्रसंग मी नोंदीच्या नावाखाली चार वेळा पाहिला. घरच्यांनी हिशेब ठेवलाय.

पुढच्या खेपेला सतरावा हंगाम उरकून 1980 मधल्या 'द लेझर हाइव्ह'ला हात घालीन. तेव्हा आयटीव्हीनं समोर 'बक रॉजर्स' लावलं होतं, आणि सरासरी आली जेमतेम 51 लाखांवर. वर चिकटवलेला तुकडा त्या बाजूला सगळा कोराच राहणार आहे. तिथे रंगांची सूची लिहावी म्हणतो.